मित्रमंडळी व्हायचं असेल, तर आपला रकाना आधी भरा

प्रति,
पाळकसाहेब, पंचमंडळ आणि मंडळीतल्या सर्व बंधुभगिनींस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर सेक्रेटरींनी कराराचा मसुदा वाचून दाखवला. उत्तर स्वीडनमधली एक ल्यूथरन मंडळी आपल्या मंडळीशी नातं जोडणार, पुढच्या महिन्यात दोन्हीकडच्या सह्या होणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मोबाइलवर आलेला तोच मसुदा चष्मा लावून सावकाश वाचला आणि मन बेचैन झालं. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. आता लिहितो आहे.

मसुद्यात दोन रकाने आहेत. 'स्वीडनची मंडळी काय करील' या रकान्यात अकरा ओळी आहेत. हॉलवरचे पत्रे, सहा मुलांची फी, साउंड सिस्टिम, दोन तरुणांचं विमानाचं तिकीट आणि असं बरंच काही. 'भारतातली मंडळी काय करील' या रकान्यात एकच ओळ आहे: 'प्रार्थना करू आणि दर सहा महिन्यांनी फोटोंसह अहवाल पाठवू.'

ही एक ओळ बदलेपर्यंत सही करू नका, एवढंच मला सांगायचं आहे.

मराठीत का लिहितोय, हेही सांगतो. आपले कागद हिंदीत आणि इंग्रजीत निघतात. पण सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातून आलेल्या आपल्या घरांत चुलीपाशी मराठीच बोलली जाते आणि नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेली आपली मुलंही मराठीच वाचतात. वर्गणी तीही भरतात, तेव्हा करार कसा होतोय हे त्यांनाही कळू द्या. हिंदी वाचणाऱ्या घरांसाठी मीच हे पत्र हिंदीत करून देईन. गोंडीत सांगायला आपली आत्याबाई आहेच.

मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात वर्षातून दोनदा 'पत्राचा दिवस' असायचा. फळ्यावर इंग्रजीत पत्र लिहिलेलं असे, 'डिअर फ्रेंड इन क्राइस्ट, आय अ‍ॅम फाइन', आणि आम्ही चाळीस पोरं तेच पत्र सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचो. आपलं नाव आणि आवडता विषय, एवढ्या दोनच जागा मोकळ्या. ही पत्रं समुद्रापार आमच्या फीचे पैसे देणाऱ्यांकडे जायची. फोटोच्या दिवशी वॉर्डनसाहेबांनी माझा नाताळातला नवा शर्ट काढायला लावून जुना घालायला लावला होता. तेव्हा का ते कळलं नाही. घरी आईला सांगितलं, तर तिने काही न बोलता तो नवा शर्ट पुन्हा धुतला.

एकदा मला उत्तर आलं. निळसर कागद, बारीक तिरपं अक्षर. एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. संत्र्यांच्या मुलखातल्या मुलाला आपण मदत करतो, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी विचारलं होतं: आमच्याकडे खिडकीबाहेर बर्फ आहे, संत्री फक्त दुकानात पाहिलीत, मला सांग, संत्र्याच्या झाडाला फूल येतं तेव्हा वास कसा येतो?

याचं उत्तर मला येत होतं! वडील दुसऱ्यांच्या बागेत राबायचे. आंबिया बहरासाठी थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, परक्याला वाटावं की झाड गेलं. मग पाणी सोडलं की काही दिवसांत पांढऱ्या कळ्या फुटतात, आणि रात्री बांधावरून चालताना तो वास असा येतो की माणूस थांबतोच. हे सगळं मी पानभर मराठीत लिहिलं. पान परत आलं. 'याचं भाषांतर कोण करणार? फळ्यावरचं उतरव.' मी फळ्यावरचं उतरवलं. त्या बाईंनी पुन्हा काही विचारलं नाही.

आज साठीला आलो तरी ते पान डोळ्यांपुढून हलत नाही. कारण त्या बाईंनी मला मित्र मानून विचारलं होतं, आणि याचक केलं ते आपल्याच माणसांनी. झोळी तिकडून आली नव्हती, ती आपण इथे शिवली होती. नव्या मसुद्यातली ती एक ओळ वाचली आणि मला पुन्हा तोच फळा दिसला.

सेक्रेटरींनी सांगितलं की स्वीडनच्या लोकांनी या नात्याला 'वेनफोर्शामलिंग' म्हटलं आहे. 'वेन' म्हणजे मित्र, 'फोर्शामलिंग' म्हणजे मंडळी. त्यांच्या शब्दाचं सरळ मराठी केलं तर होतं मित्रमंडळी! आपल्या भाषेत हा शब्द किती सहज आहे. मित्रमंडळींत कुणी अहवाल पाठवतं का? मित्राच्या घरी लग्न असलं तर आपण जमेल तो आहेर नेतो, वाढायला उभे राहतो, आणि त्याच्याकडे दुःख झालं तर न बोलावता जातो.

आता थोडा इतिहास, कारण तरुणांना तो माहीत नाही आणि मसुद्यात एका वाक्यात उरकला आहे. ज्या संस्थेमुळे आपल्याकडे ल्यूथरन उपासना आली ती इव्हांजेलिस्का फोस्टरलांड्स-स्टिफ्टेल्सेन. लांबलचक नाव आहे, तिकडेही तिला नुसतं 'ई-एफ-एस' म्हणतात. १८५६ साली स्टॉकहोममध्ये ती निघाली. तिची माणसं आधी १८६६ मध्ये लाल समुद्राकाठच्या मसावा बंदरात उतरली आणि १८७७ मध्ये आपल्याकडे, मध्य प्रांतात आली. सागर, नरसिंहपूर, छिंदवाडा, बैतूल, हा त्यांचा पट्टा. राजधानी तेव्हा नागपूर. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी ज्या जुन्या रजिस्टरात आहेत, ती या लोकांनी सुरू केली. त्यांच्या लहान मुलांच्या कबरी आपल्या कब्रस्तानात आहेत. हे ऋण मी नाकारत नाही. ते माझ्या अंगावर आहे आणि ते मला आवडतं.

पण त्याच संस्थेचं दुसरं लेकरू पाहा. मसावाला उतरलेल्या लोकांना आत इथिओपियातल्या ओरोमो लोकांपर्यंत जायचं होतं आणि वाटा बंद होत्या. त्यांच्या हाती लागला गुलामीतून सुटलेला एक ओरोमो मुलगा, ओनेसिमोस नेसिब. १८७० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याने अख्खं पवित्र शास्त्र ओरोमो भाषेत आणलं, १८९९ मध्ये ते छापून निघालं. त्या मुळातून आणि इतर मिशनांच्या कामातून १९५९ मध्ये इथिओपियाची मेकाने येसूस ही स्वतंत्र मंडळी उभी राहिली. आज तिचे सभासद एक कोटीच्या वर आहेत. आईपेक्षा लेक कितीतरी मोठी झाली.

याच मेकाने येसूसने १९७२ मध्ये युरोपातल्या देणगीदार संस्थांना एक पत्र लिहिलं होतं. तेव्हा त्यांचे सरचिटणीस गुडिना टुम्सा होते. पत्राचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. तुम्ही विहिरी, शाळा, दवाखाने यांना पैसे देता, पण पाळक घडवायला आणि शुभवर्तमान सांगायला मदत मागितली की तुमच्या नियमांत बसत नाही. आमची गरज काय, हे तुमच्या कचेरीत ठरतं. माणसाचे असे दोन तुकडे होत नाहीत, शरीर एकीकडे आणि आत्मा दुसरीकडे. गरीब देशातल्या मंडळीने पैसे देणाऱ्यांना इतकं स्पष्ट सांगितलं आणि जगभरच्या ल्यूथरन मंडळींत त्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली. पुढे लष्करी राजवटीत, १९७९ मध्ये, गुडिना टुम्सांना पळवून नेऊन ठार मारण्यात आलं. त्या माणसाचं पत्र आपल्या पंचांनी सही करण्याआधी एकदा बसून वाचावं. आपल्याच घराण्यातलं आहे ते.

आपल्या देशातही असं घडलं आहे. रांचीच्या गोस्नर मंडळीचे जर्मन मिशनरी पहिल्या महायुद्धात सरकारने नजरकैदेत टाकले, मग परत पाठवले. पैसा बंद, माणसं बंद. मुंडा, उरांव, खडिया शेतकऱ्यांच्या त्या मंडळीने १० जुलै १९१९ रोजी जाहीर केलं की आमचा कारभार आम्ही चालवू. आणि त्याच्या दोन वर्षं आधी आपले नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा, सर्वांना खुला भक्तमेळा मांडून बसले होते. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो.

माझ्या मते सगळ्यात मोठा दाखला मात्र पवित्र शास्त्रातलाच आहे. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा आणि नववा अध्याय. यरुशलेमची मंडळी म्हणजे आई, तिथून शुभवर्तमान निघालं. मासेदोनियाच्या मंडळ्या म्हणजे नव्या, मिशनच्या, आणि अत्यंत दारिद्र्यात असलेल्या. वर्गणी कुणी गोळा केली? मासेदोनियाने! पैसा लेकीकडून आईकडे गेला. पौल तिथे शब्द वापरतो तो समानतेचा: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. आपण हा भाग दानार्पणाच्या वेळी वाचतो आणि करार करताना विसरतो.

'आपल्याकडे द्यायला आहे काय?' असं रविवारी मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं. तर माझं उत्तर असं.

स्वीडनमध्ये १९७२ साली शंभरातली पंच्याण्णव माणसं चर्चची सभासद होती. आता निम्म्याहून थोडी अधिक उरली आहेत. २००० सालापासून ते राज्याचं चर्चही राहिलेलं नाही. बहुतेक शेजारी उपासनेला येत नाहीत, अशा गावात मंडळी म्हणून कसं जगायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदा उभा आहे. आपण दीडशे वर्षं तेच करत आलो आहोत. पाचशे घरांच्या वस्तीत आपली बारा घरं. पोळ्याला शेजारचा बैल आपल्या दारात येतो, नाताळात आपल्या करंज्या त्यांच्या घरी जातात, आणि मयत झाली की खांदा द्यायला जात-धर्म न बघता माणसं येतात. कधी कुणी टोचून बोलतं, तेही सोसून शेजार टिकवावा लागतो. थोडे असूनही न घाबरता, न भांडता राहायचं कसं, याची विद्या आपल्या आजीला होती. ही विद्या मागायला ते आले आहेत असं समजा आणि मग रकाना भरायला घ्या.

दुसरं, घरभजन. कुणाच्या घरी कुणी वारलं की संध्याकाळी सतरंजी पसरून, पेटी आणि ढोलक घेऊन आपण जमतो, चार-सहा दिवस सलग जातो. कुणी निरोप पाठवावा लागत नाही. तिकडून मागे आलेल्या एका पाळकबाईंनी मला विचारलं होतं, 'हे कोण ठरवतं?' कुणीच ठरवत नाही म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

तिसरं, पैसाही. हो, पैसाही द्यावा! मिझोरामच्या बायका १९१० पासून प्रत्येक जेवणाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. ते तांदूळ मंडळी विकते आणि त्यातून आपले प्रचारक दूरदूर पाठवते. त्या काही श्रीमंत बायका नव्हत्या. आपण तांदळाऐवजी तूर काढू, संत्र्याच्या तोड्यातली एक पेटी काढू. हा पैसा परदेशी पाठवायच्या भानगडीत पडायचं कारण नाही. माझी सूचना अशी की दोन्ही मंडळ्यांनी मिळून बैतूलजवळच्या पाढरच्या हॉस्पिटलमध्ये दर वर्षी एखाद्या गरीब रुग्णाचं बिल भरावं, त्यात आपला वाटा आपल्या खिशातून. पाढरचं हॉस्पिटल आपल्याच मध्य प्रदेशच्या इव्हांजेलिकल ल्यूथरन चर्चचं आहे. १९५८ मध्ये डॉ. क्लेमेंट मॉस यांनी ते उभं केलं. २०१२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी स्तुती आणि आराधना या जोडलेल्या जुळ्या बहिणींची शस्त्रक्रिया केली, तेव्हा देशभरच्या पेपरांत नाव आलं होतं. मुलींच्या आईबापांची ऐपत नव्हती, हॉस्पिटलने त्यांना पदरात घेतलं होतं. अशा ठिकाणी दोन मंडळ्यांनी बरोबरीने हात लावला, तर ती भागीदारी मला समजेल.

आता पैशाचा कायदा. यात पंचांनी माझं नीट ऐकावं, कारण चूक झाली तर मंडळी अडचणीत येईल. परदेशी अंशदानाचा २०१० चा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला असा एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी देणगी आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. एका संस्थेने घेतलेले पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा 'खजिनदारांच्या खात्यावर पाठवू द्या, नंतर बघू' हे जे मसुद्यावर चर्चा करताना कुणी बोललं, ते पुन्हा कुणी बोलू नये. तो गुन्हा आहे. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९५४ मध्ये मिशनरींच्या कामाची चौकशी करायला नागपूरला न्यायमूर्ती नियोगींची समिती बसली, १९५६ मध्ये अहवाल आला, आणि 'परदेशी पैशांवर जगणारे' हा शिक्का आपल्या कपाळी बसला. तो शिक्का पुसायला दोन पिढ्या खपल्या. पुन्हा कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नसेल, तर जो काही पैसा येईल तो चर्चच्या नोंदणीकृत खात्यातून, पावतीने आणि भिंतीवर हिशेब लावून यावा. माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं पैसा नकोच. आधी माणसं ओळखीची होऊ द्या. पत्रे आपले आपण घालू, पावसाळा काही पहिल्यांदा येत नाही.

मागच्या वेळी एका परदेशी गटाने कॉम्प्युटरची खोली दिली होती, ती आठवा. दुसऱ्या मंडळीचं नाव घेत नाही, गोष्ट आपल्याच आवारातली आहे. दहा कॉम्प्युटर आले. शिकवायला माणूस कोण, विजेचं बिल कोण भरणार, हे कुणी विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. देणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून! खोलीला कुलूप लागलं. दर नाताळात फोटोपुरतं ते उघडायचं. तीन वर्षं आपण खोटा अहवाल पाठवला, हे मान्य करू या.

पाहुणे येतील तेव्हा व्हिसाचंही बघा. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला व्यासपीठावर उभं करून प्रवचन द्यायला लावू नका, कायद्याने ते चालत नाही. ते बाकावर आपल्या शेजारी बसतील, पेटीवरचं भजन ऐकतील, जेवतील. मुलांना हार देऊन उन्हात रांगेत उभं करू नका. आणि नाताळात बोलावण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा, आंबिया बहर फुलतो तेव्हा. रात्री बांधावरून चालत न्या.

एक अवघड विषय उरला. स्वीडनच्या चर्चमध्ये २००९ पासून समलिंगी जोडप्यांचे विवाह लावले जातात. मेकाने येसूसने २०१३ मध्ये याच कारणावरून त्या चर्चशी संबंध तोडले. आपल्या मंडळीत यावर एकमत नाही, बहुतेकांचा विरोध आहे, काही तरुणांचा नाही. माझं म्हणणं, हे लपवून सही करू नका. समोर बसवून सांगा, आम्हाला काय वाटतं ते हे, तुम्ही असं का ठरवलं ते समजावून सांगा. पटलं नाही तर पटलं नाही. १५३० चा आउग्सबुर्ग विश्वासांगीकार हा आपल्या ल्यूथरन मंडळ्यांचा मूळ विश्वासलेख, त्याच्या सातव्या कलमात मंडळीच्या ऐक्यासाठी काय पुरेसं आहे ते लिहिलं आहे: शुभवर्तमान शुद्ध सांगितलं जावं आणि संस्कार त्याप्रमाणे दिले जावेत. या कसोटीवर ते आपले भाऊ ठरतात की नाही, हे आपण तोंडावर विचारू शकतो. पण पाठीमागे नावं ठेवायची आणि हातात पत्र्यांचे पैसे घ्यायचे, हे मला जमणार नाही.

तरुणांची निवड कशी होणार हेही मसुद्यात नाही. दोन जागा आहेत, त्यातली एक मुलीला द्या, आणि पंचांच्या घरातलं कुणी पहिल्या खेपेला जाऊ नये. ही मागणी मी महिला मंडळाच्या सांगण्यावरून लिहितोय. त्यांना सभेत बोलायला वेळ मिळाला नव्हता.

तेव्हा विनंती अशी. सहीची तारीख दोन महिने पुढे ढकला. मसुदा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत नोटीस बोर्डावर लावा. आपला रकाना भरण्यासाठी एक रविवार उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घ्या, चहाची व्यवस्था आमच्या घरून होईल. आणि स्वीडनला जाणारं पहिलं पत्र मुलांना आपापल्या भाषेत, आपापल्या मनातलं लिहू द्या. भाषांतर मी करीन. कितीही पानं होवोत, एकही परत करणार नाही.

आपला,
मंडळीचा एक जुना सभासद,
वसतिगृहाचा माजी विद्यार्थी